ज्वलनास पोषक विषारी रसायने व अग्निशामक जवान

(अग्निशमन सेवा सप्ताहानिमित्त प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी १४ एप्रिल या दिवशी भारतातील अग्निशामक दले मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत मरण पावलेल्या जवानांचे स्मरण करतात. १९४४ साली याच दिवशी त्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजाच्या पोटात कापसाच्या गासड्या होत्या, आणि सुमारे चौदाशे टन दारूगोळाही होता. जवान दुपारपासून आगीवर पाणी सोडीत होते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, व त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा. या एका दुर्घटनेत अग्निशामक दलाचे ६६ जण कामी आले. १४ ते २० एप्रिल हा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ पाळला जातो.

या सप्ताहात शाळांमधून अग्निशामक जवानाच्या शौर्याच्या गोष्टी सांगितल्या जातात. घंटा वाजवीत बंब येतो, जवान उड्या टाकून उतरतात आणि पेटलेल्या घरात शिरतात, हे चित्र मुलांच्या मनावर सहज ठसते. ते खोटेही नाही. तथापि या चित्राची दुसरी बाजू मुलांना व मोठ्यांनाही फारशी ठाऊक नसते. काही प्रसंगी बंब येतो आणि दोन-तीनशे पावलांवर उभा राहतो. अधिकारी दुर्बीण डोळ्याला लावतो, वाऱ्याची दिशा पाहतो, दूरध्वनीवरून कोणाशी तरी बोलत राहतो. जमलेली माणसे चिडतात. पुढे का जात नाहीत, भ्यालेत काय, असे ओरडणारेही निघतात. अशा वेळी जवानाचे ते उभे राहणे हाच त्याच्या कामाचा सर्वांत अवघड भाग असतो. ज्या पदार्थांमुळे त्याला असे थांबावे लागते, त्यांपैकी विषारी आणि त्याबरोबरच ज्वलनाला पोषक असलेल्या रसायनांचा विचार येथे करावयाचा आहे.

ज्वलनाला तीन गोष्टी लागतात हे चौथी-पाचवीचा विद्यार्थीही सांगू शकतो: जळणारा पदार्थ, उष्णता आणि हवेतील प्राणवायू. पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा घातला की ज्योत विझते, हा प्रयोग प्रत्येक शाळेत होतो. आग विझविण्याच्या बहुतेक पद्धती याच प्रयोगावर उभ्या आहेत. फेस पसरावयाचा, भुकटी मारावयाची, कार्बन डाय-ऑक्साइड सोडावयाचा, कढईतल्या पेटत्या तेलावर झाकण घालावयाचे; या सर्वांचा एक मुख्य हेतू हवा तोडणे हाच असतो.

आता दिवाळीतील फुलबाजीकडे पाहावे. पेटलेली फुलबाजी पेल्याखाली धरली तरी ती सहजासहजी विझत नाही. फटाका तर कागदाच्या घट्ट गुंडाळीत, हवेचा शिरकाव नसताना फुटतो. याचे कारण त्यात घातलेले लवण. शोभेची दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांची करतात, हे जुन्या पिढीतील लोकांना पाठ होते. त्यातील गंधक व कोळसा हे जळणारे. सोरा स्वतः जळत नाही, परंतु जळणाऱ्यांना लागणारा प्राणवायू तो आपल्या अंगातून पुरवितो. अशा पदार्थांना रसायनशास्त्रात ऑक्सिडीकारक म्हणतात. ज्या आगीला आपला प्राणवायू आपल्याच पोतडीतून मिळतो, तिच्यावर झाकण घालून काही उपयोग होत नाही. आग विझविणाऱ्याच्या नेहमीच्या शस्त्रांपैकी निम्मी येथे बोथट होतात.

हे न कळल्यामुळे किती मोठा अनर्थ होतो याचे उदाहरण मुंबईच्या दुर्घटनेनंतर तीनच वर्षांनी, आणि तेही एप्रिलच्या याच आठवड्यात, अमेरिकेत घडले. १६ एप्रिल १९४७ रोजी टेक्सास सिटी या बंदरात ‘ग्रँडकॅम्प’ या जहाजावर सकाळी धूर दिसला. जहाजात सुमारे २३०० टन अमोनियम नायट्रेट, म्हणजे शेतात घालावयाचे खत, कागदी पिशव्यांत भरलेले होते. पाणी मारले तर माल खराब होईल, या विचाराने कप्तानाने झाकणे बंद करून आत वाफ सोडण्याचा हुकूम दिला. साध्या मालाच्या आगीत ही युक्ती चालते. कोंडलेल्या वाफेने हवा हटते आणि आग गुदमरते. परंतु अमोनियम नायट्रेटच्या वजनात शंभरात साठ भाग प्राणवायूच असतो. त्याला हवेची गरज नव्हती, आणि वाफेने उष्णता मात्र वाढली. नारिंगी रंगाचा विलक्षण धूर पाहण्यासाठी किनाऱ्यावर माणसे जमली. त्यांत मुलेही होती. सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी जहाज फुटले. सुमारे ५८० माणसे मेली, आणि त्या गावच्या स्वयंसेवक अग्निशामक दलातील एक माणूस सोडून सगळे गेले.

नारिंगी किंवा तांबूस धूर ही नायट्रेट विघटित होत असल्याची खूण आहे, आणि तो धूर स्वतःही विषारी असतो. आज प्रशिक्षित अधिकारी असा धूर पाहताच प्रथम माणसे मागे घेतो. तरीही हा धडा जगाला पुरता मुखोद्गत झालेला नाही, असे खेदाने म्हणावे लागते. १७ एप्रिल २०१३ रोजी टेक्सासमधीलच वेस्ट या लहानशा गावी खताच्या गुदामाला आग लागली. स्वयंसेवक जवान तत्परतेने धावले, आणि आग कळविल्यापासून सुमारे वीस मिनिटांत स्फोट झाला. मेलेल्या १५ जणांपैकी १२ जण मदतीला आलेले होते. गुदामाच्या शेजारी एक शाळा होती. तिची इमारत उद्ध्वस्त झाली. ती संध्याकाळची वेळ होती आणि वर्ग सुटलेले होते.

कित्येक ऑक्सिडीकारक पदार्थ शिवाय विषारीही असतात. फुलबाजीला हिरवा रंग देणारे बेरियम नायट्रेट हे त्यांतलेच. ते प्राणवायू पुरविते आणि पोटात गेले तर जिवावर बेतते. फटाक्यांत बेरियमची लवणे वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मनाई केली, ती त्याच्या विषारीपणामुळे. अशा घन पदार्थांच्या पोत्यांना आग लागली असता काय करावे, यासंबंधी अमेरिका, कॅनडा व मेक्सिको या देशांनी मिळून काढलेल्या आणीबाणीच्या मार्गदर्शक पुस्तिकेतील १४१ क्रमांकाचे पान प्रसिद्ध आहे. त्यातील सांगणे थोडक्यात असे: लहान आगीवर पाणीच वापरावे, भुकटी व फेस वापरू नये. मोठ्या आगीवर शक्य तितक्या दुरून पाण्याचा पूर सोडावा. शक्य असल्यास नळीचे तोंड तिवईला बांधून माणसाने मागे यावे. माल तापलेला असेल तर पोती किंवा गाडी हलवू नये. टाकीच आगीत सापडली असेल, तर चोहोबाजूंनी आठशे मीटरपर्यंतची वस्ती हलविण्याचा विचार करावा.

येथे पाणी का चालते, असा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. पाणी केवळ हवा तोडीत नाही, ते उष्णता हिरावून घेते. तिघांच्या त्या टोळीतील प्राणवायूला हात लावणे अशक्य झाले की उष्णतेवरच तुटून पडावे लागते. मात्र वाहून जाणारे पाणी विषारी असते, म्हणून उतारावर पुढे जाऊन मातीचा बांध घालणे आणि ते ओढ्या-विहिरीत जाऊ न देणे हेही त्याच जवानांचे काम ठरते. जमिनीवर सांडलेली कोरडी भुकटी भरावयाची ती स्वच्छ फावड्याने, स्वच्छ व कोरड्या भांड्यात, आणि झाकण सैल ठेवून. लाकडाचा भुसा टाकून ती टिपून घेण्याची घरगुती सवय येथे घातक आहे, कारण भुसा म्हणजे जळणच. तीच गोष्ट कपड्यांची. असे रसायन कापडात भिनून वाळले तर ते कापड एखाद्या ठिणगीने भडकते. जवानाने घरी नेलेला, खुंटीला टांगलेला गणवेशही यामुळे धोक्याचा होतो.

घन पदार्थ निदान जागेवर राहतात. वायूचे तसे नाही. विष आणि ज्वलनपोषण हे दोन्ही गुण ज्यात एकवटले आहेत आणि जो महाराष्ट्रातील शहराशहरांत पिण्याच्या पाण्यासाठी वापरला जातो, असा वायू म्हणजे क्लोरीन. १७७४ साली शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने तो प्रथम तयार केला. त्याचा रंग पिवळट हिरवा, वास तिखट व झोंबणारा, आणि वजन हवेच्या सुमारे अडीच पट. क्लोरीनमध्ये प्राणवायू नसतो. परंतु ज्वलनात प्राणवायूची जागा तो स्वतः घेऊ शकतो. कोरडा क्लोरीन थंड असताना पोलादी टाकीत निमूटपणे राहतो. टाकी सुमारे २५० अंश सेल्सियसपर्यंत तापली, तर पोलादच त्यात पेटू लागते. फुप्फुसातील ओलाव्याशी गाठ पडताच त्याची अम्ले होतात आणि आतील नाजूक त्वचा भाजून निघते. हवेच्या दहा लाख भागांत एक भागाहून कमी क्लोरीन असला तरी बहुतेकांना वास येतो. दहा भाग झाले की ती हवा जीविताला तत्काळ धोकादायक मानली जाते. १९१५ च्या एप्रिलमध्ये ईप्र येथील रणभूमीवर जर्मन सैन्याने हाच वायू शत्रूवर सोडला होता. जो वायू पटकीच्या जंतूंपासून गावेच्या गावे वाचवितो त्याचाच हा दुसरा अवतार.

पाणीपुरवठा केंद्रात क्लोरीन दाबाखाली द्रवरूपात साठवितात. लहान सिलिंडरांतून किंवा सुमारे ९०० किलो मावणाऱ्या आडव्या टाक्यांतून. या मोठ्या टाक्यांना तेथील कामगार ‘टनर’ म्हणतात. त्यातील एक लिटर द्रव बाहेर पडला तर त्याचा साडेचारशे लिटरांहून अधिक वायू होतो. गळतीची वर्दी येते तेव्हा अग्निशामक अधिकाऱ्याच्या डोक्यात पहिला प्रश्न आगीचा नसतो, वाऱ्याचा असतो.

म्हणून बंब जवळच्या रस्त्याने न येता पुष्कळदा लांबचा फेरा घेऊन, वारा पाठीशी ठेवून येतो. क्लोरीन जड असल्यामुळे तो नाल्यांतून, तळघरांतून, खोलगट भागातून पाण्यासारखा वाहतो. यास्तव बंब उंचवट्यावर उभा करतात. मग अधिकारी वस्तूची ओळख पटवितो. धोकादायक माल वाहून नेणाऱ्या गाडीवर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे आणीबाणीची माहिती देणारी पाटी लावावी लागते. तीवर मालाचे नाव, चार आकडी आंतरराष्ट्रीय क्रमांक आणि कोणाला कळवावे याचा तपशील असतो. क्लोरीनचा क्रमांक १०१७. कवटीचे चिन्ह असलेला पांढरा चौकोन विषारी वायू सांगतो. वर्तुळावर ज्वाला असलेला पिवळा चौकोन ज्वलनपोषक पदार्थ सांगतो. दुर्बिणीने वाचलेले हे चार आकडे कित्येकदा चार जवानांचे प्राण राखतात.

अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यात ग्रॅनिटव्हिल नावाचे गिरणीगाव आहे. ६ जानेवारी २००५ च्या पहाटेपूर्वी, पावणेतीनच्या सुमारास, तेथे एक मालगाडी रूळ बदलण्याची कळ चुकीची राहिल्यामुळे बाजूच्या रुळावर गेली आणि तेथे उभ्या असलेल्या गाडीवर आदळली. क्लोरीनची एक टाकी फाटली व सुमारे साठ टन वायू बाहेर पडला. रात्र थंड, वारा मंद, गाव सखल. वायू जमिनीलगत साचून राहिला. स्थानिक स्वयंसेवक दलाचे प्रमुख गाडी घेऊन निघाले होते. वास आला, श्वास कोंडू लागला, तशी त्यांनी गाडी मागे वळविली आणि मागून येणाऱ्यांना पुढे येऊ नका, असा निरोप दिला. त्या रात्री ९ माणसे मेली, त्यांतली बहुतेक शेजारच्या कापडगिरणीत. त्या प्रमुखांनी गाडी मागे घेतली नसती तर त्यांच्यामागून येणारे जवानही त्या यादीत गेले असते. पुरेशी साधने आल्यावर हेच जवान वायूत शिरले, हे विसरता कामा नये. आजूबाजूच्या सुमारे ५४०० लोकांना घरे सोडावी लागली. क्लोरीनने यंत्रे इतकी गंजली की, काही अंशी त्या नुकसानीमुळे, पुढच्याच वर्षी गिरणी बंद झाली.

याच्या उलट अनुभव कॅनडातील मिसिसागा शहराचा आहे. १० नोव्हेंबर १९७९ च्या मध्यरात्रीच्या सुमारास आसाचे एक धारवे तापून १०६ डब्यांची मालगाडी रुळावरून घसरली. तीत प्रोपेन होता, इतर ज्वलनशील द्रव होते आणि क्लोरीनची एक टाकीही होती. तिला भोक पडले. प्रोपेनचे डबे एकामागून एक फुटले. तेथील अधिकाऱ्यांनी आग एकदम विझविण्याचा हट्ट धरला नाही. उरलेल्या टाक्या पाण्याने थंड ठेवीत त्यांनी प्रोपेन जळू दिला, कारण ज्योत विझली आणि गळती चालू राहिली तर साचलेल्या वायूचा पुन्हा स्फोट होण्याची भीती असते. पहिल्या स्फोटांच्या झळांनी क्लोरीनचा मोठा भाग उंच आकाशात उडून गेला, हेही दैवच. दोन लाखांहून अधिक माणसे हलविली, भोक बंद करण्यास कित्येक दिवस लागले; पण एकही माणूस दगावला नाही. पेटलेले डबे समोर दिसत असताना त्यांना जळू देणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना अग्निशामक दलातील मनुष्यच करू शकेल.

गळती प्रत्यक्ष बंद करण्यासाठी अखेर माणसाला आत जावेच लागते. त्या वेळी नेहमीचा जाड कोट व शिरस्त्राण पुरत नाही. आगीचा कोट उष्णता अडवितो, वायू नव्हे. घामाने ओल्या झालेल्या मानेवर व काखेत क्लोरीन भाजतो. म्हणून डोक्यापासून पायापर्यंत बंद असलेला रसायनरोधक पोशाख आणि पाठीवर हवेचे श्वसनयंत्र घालतात. त्या नळकांड्यात प्राणवायू असतो असा अनेकांचा, प्रसंगी शिक्षकांचाही समज असतो. तो चुकीचा आहे. त्यात साधी स्वच्छ हवाच दाबून भरलेली असते. ज्वलनपोषक पदार्थांजवळ शुद्ध प्राणवायू घेऊन जाणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. ही हवा कागदोपत्री अर्धा-पाऊण तास पुरते. धडधडत्या छातीने काम करणारा मनुष्य ती त्याहून लवकर संपवितो. हवा संपत आली की यंत्राची शिटी वाजते. मात्र ती वाजेपर्यंत थांबावयाचे नसते. दारावर उभा असलेला एक सहकारी प्रत्येकाची आत गेल्याची वेळ व हवेचा दाब फळ्यावर लिहून ठेवतो आणि त्या हिशेबाने त्याला परत बोलावतो. आत नेहमी दोघे जातात, आणि तसेच पोशाख चढविलेले दुसरे दोघे बाहेर तयार असतात. एकट्याने आत जाण्याची परवानगी कोणालाच नसते. अत्यंत धाडसी माणसाला तर मुळीच नसते.

आत गेल्यावर गळती शोधण्याची पद्धत मुलांना आवडण्यासारखी आहे. काडीला चिंधी गुंडाळून ती अमोनियाच्या द्रावणात भिजवितात आणि झडपेजवळ फिरवितात. जेथे क्लोरीन निसटत असेल तेथे पांढरा धूर उठतो. हा धूर म्हणजे कल्हईवाला ज्याची भुकटी भांड्यात टाकतो तोच नवसागर. जागा सापडली की टनर अशा रीतीने फिरवितात की भोक वरच्या बाजूला यावे. तळातून द्रव गळण्याऐवजी वरून वायूच गळू लागला तर बाहेर पडणारा क्लोरीन कितीतरी पटींनी कमी होतो. नंतर खास संचातील टोपी, पट्टा किंवा खुंटी बसवून भोक बंद करतात. बंद होतच नसेल तर वायू नळीने कॉस्टिक सोड्याच्या किंवा चुन्याच्या द्रावणात सोडून मारतात.

या साऱ्यात एक मोह आवरावा लागतो, तो पाण्याचा. क्लोरीनच्या गळतीवर थेट पाणी मारणे ही फार मोठी चूक होय. ओला क्लोरीन अम्ल बनतो आणि ते अम्ल भोकाच्या कडा खाऊन भोक मोठे करते. शिवाय वायू निसटत असताना आतला द्रव थंड पडतो, टाकीवर दव व बर्फ धरते आणि गळतीचा जोर आपोआप मंदावतो. पाणी ओतणारा मनुष्य नकळत त्याला ऊब देतो. गळकी टाकी हौदात किंवा तळ्यात ढकलणे हेही त्याच कारणाने वर्ज्य. पण तीच टाकी शाबूत असून शेजारी आग लागलेली असेल, तर तिच्यावर पाण्याचा मारा करणे अत्यावश्यक ठरते. कारण टनरच्या टोकांना बसविलेल्या मिश्रधातूच्या खुंट्या सुमारे ७० अंशांच्या पुढे वितळतात आणि मग सर्व वायू मोकळा होतो. टाकी एक, पाणी एक, आणि दोन प्रसंगी दोन अगदी उलट हुकूम. हे ओळखण्यासाठीच अधिकारी प्रथम थांबतो आणि पाहतो. दूर अंतरावर वाऱ्याच्या वाटेत पाण्याच्या बारीक तुषारांचा पडदा धरून ढग थोपविण्याचा प्रयत्न मात्र करता येतो. त्याचा उपयोग मर्यादित आहे.

मुंबईलाही याचा अनुभव आहे. १४ जुलै २०१० रोजी शिवडी येथे बंदराच्या आवारात बऱ्याच वर्षांपासून बेवारस पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरांतून क्लोरीन गळला. शंभरच्या आसपास लोकांना इस्पितळात न्यावे लागले. त्यांत जवळच्या शिक्षणसंस्थेतील विद्यार्थी होते आणि मदतीस गेलेले अग्निशामक जवानही होते. विसरलेला माल हा कागदावर नसतो, त्यामुळे त्याची पाटी वाचून सावध होण्याची संधी जवानाला मिळत नाही.

काम संपले तरी जवान तसाच गाडीत बसत नाही. आखलेल्या मार्गावरून बाहेर येताना त्याला पोशाखासकट धुतात, बूट व हातमोजे आधी, मुखवटा सर्वांत शेवटी. पोशाख वेगळ्या पिशवीत जातो. छातीत जळजळ नसली तरी त्याला डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवतात, कारण क्लोरीनने फुप्फुसात पाणी साचण्याचा विकार काही तासांनीही उद्भवतो. ‘मला काही झालेले नाही’ हे त्याचे म्हणणे त्या दिवशी कोणी ऐकावयाचे नसते.

खेड्यातील शिक्षकाला वाटेल की हे सर्व शहराचे व बंदराचे प्रकरण आहे. परंतु ग्रामपंचायतीच्या खोलीत विहिरीत टाकण्यासाठी ठेवलेली टी.सी.एल. पावडर ही याच कुळातील धाकटी वस्तू होय. ती ऑक्सिडीकारक आहे आणि अम्लाशी गाठ पडताच क्लोरीन सोडते. कित्येक ठिकाणी तिच्या पिशव्या रॉकेलचे डबे, खताची पोती आणि संडास धुण्याचे अम्ल यांच्याच शेजारी, गळक्या कौलांखाली ठेवलेल्या आढळतात. जलसुरक्षकाला सांगून ही पावडर कोरड्या, हवेशीर जागी, तेल व अम्ल यांपासून दूर आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशी ठेवून घेणे शिक्षकाला सहज शक्य आहे. तेथे धूर किंवा झोंबणारा वास दिसला तर आत डोकावून पाहण्यासाठी शिपायाला किंवा मोठ्या वर्गातील मुलाला कदापि पाठवू नये.

शाळेत धुराच्या आगीचा सराव देताना मुलांना खाली वाकून, जमिनीलगत सरकत बाहेर पडावयास शिकवितात. ते योग्यच आहे, कारण धूर वर जातो. क्लोरीनच्या बाबतीत हाच धडा उलटा होतो. तो जमिनीलगत असतो, म्हणून मुलांनी ताठ उभे राहून, वाऱ्याच्या आडव्या दिशेने, चढाकडे जावे. लहान मुलांना उचलून घ्यावे. वायू अंगणापर्यंत येऊन ठेपला असेल आणि बाहेर पडणे धोक्याचे वाटत असेल, तर दारे-खिडक्या व पंखे बंद करून, वरचा मजला असल्यास तेथे जाऊन, फटींना ओली फडकी लावून बसावे. दोन्ही सराव वेगवेगळ्या दिवशी घ्यावेत, म्हणजे मुलांचा घोटाळा होणार नाही.

दूरध्वनी १०१ किंवा ११२ वर करावा. वास कसा आहे, रंग दिसतो काय, पिशवीवर किंवा गाडीच्या पाटीवर कोणता आकडा आहे, शाळेच्या झेंड्याचे कापड कोणत्या दिशेला फडकते आहे, एवढे सांगितले तरी येणारा बंब योग्य रस्त्याने येईल. आकडा वाचण्यासाठी जवळ मात्र जाऊ नये. मुलांना हलविताना मुख्याध्यापकाने हजेरीपट बरोबर घ्यावा. सुरक्षित जागी पोहोचल्यावर नावे पुकारावीत आणि बंब येताच तो पट अधिकाऱ्याच्या हाती द्यावा, म्हणजे त्या दिवशी शाळेलाच न आलेल्या एखाद्या मुलाच्या शोधासाठी कोणा जवानाला त्या वायूत शिरावे लागणार नाही.